शेजारचं पोर आठपर्यंत झोपतं

माझी लेक दीड वर्षाची होती तेव्हा रोज पहाटे चारला उठायची. चार म्हणजे चार. मोबाइलचा गजर एखाद दिवशी चुकेल, ती चुकली नाही. आधी तिचे पाय हलायचे, मग माझ्या नाकात बोट जायचं आणि मग हुकूम सुटायचा, "आई, उत." मी डोळे उघडायच्या आधी तिच्या तोंडावर हात ठेवायची, तिला काखोटीला मारायची, अंधारात कडी चाचपायची आणि बाहेर पडायची. हे सगळं तिनं भोकाड पसरायच्या आत व्हायला पाहिजे. कारण आमची खोली एकच, आणि त्याच खोलीत भिंतीकडं तोंड करून तिचे बाबा झोपलेले.

त्यांची तेव्हा कायम दुसरी पाळी. दुपारी तीनला कामावर, रात्री साडेअकराला सुट्टी. घरी येऊन जेवून पाठ टेकेपर्यंत एक वाजायचा. कंपनीत ते प्रेसवर आहेत. पत्रा ठेवायचा, हात काढायचा, वरून दाब येतो, पत्र्याला आकार येतो. परत पत्रा, परत हात. पाळीभर तेच. हात काढायला अर्धा क्षण उशीर झाला तर काय होतं, ते आमच्या कामगारवस्तीत, बजाजनगरात, कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भाजीच्या गाड्यावर पिशवी धरणारे हात नीट बघितले तरी कळतं.

आणि या माणसाची झोप अशी, की एकदा मोडली की मोडली. परत लागत नाही. त्यामुळं पोर रडली की मला तिचं तोंड दिसायचंच नाही, मला यांची बोटं दिसायची. दहाच्या दहा, मशीनच्या खाली.

आम्ही दोघं भाताच्या मुलखातले, पार तिकडं गोंदियाच्या बाजूचे. माहेरी जायचं तर रात्रभर बसनं नागपूर, तिथून पुढं रेल्वे, मग जीप. निघाल्यापासून आईच्या दारात पाय ठेवेपर्यंत पोरीची दुधाची बाटली तीनदा नासते. मी शिकले सातवी. गावातली शाळा सातवीपर्यंतच होती आणि आठवीची नदीपल्याड. त्याच साली आईला शेवटचं पोर झालं, माझा धाकटा भाऊ. आई शेतात भाताच्या रोवणीला, मी पोराला. शाळा तिथंच थांबली. त्याचं मला फार वाटलं नाही तेव्हा. पोर सांभाळणं मला येतं, हा एक अभिमान मात्र तिथंच चिकटला. म्हणून तर हे चारचं दुखणं मला जास्त लागलं.

मालकीणकाकूंच्या जागेत एका रांगेत सहा खोल्या, पुढं सगळ्यांचा मिळून एक लांब ओटा. पहाटे चारला मी त्या ओट्याच्या टोकाला बसायची. लेक खाली गल्लीत दगड गोळा करायची आणि एकेक मला आणून द्यायची, जसं काही मी मागितले होते. मला कुत्र्यांची भीती वाटायची, मोटारसायकलवाल्याची भीती वाटायची, काकूंच्या खिडकीतला दिवा लागला की त्याचीही. साडेचार-पाचला पहिल्या पाळीचे लोक डबे घेऊन निघायचे. कुणी म्हणायचं, "काय वैनी, आज पण ड्युटी?" मी हसायची. आणि हसता हसता माझी नजर जायची चार नंबरच्या दाराकडं.

चार नंबरात भाभी राहायच्या. त्यांचा मुलगा माझ्या लेकीपेक्षा दोन महिन्यांनी लहान. आणि तो आठपर्यंत झोपायचा.

आठ! मी ते दार रोज बघायची. बंद. पाच वाजता बंद, सहाला बंद. नळाला पाणी यायचं, बायका भांड्यांचा खणखणाट करायच्या, सातला भंगारवाला भोंगा वाजवत जायचा, तरी बंद. आठला दार उघडायचं आणि ते पोर डोळे चोळत उंबऱ्यावर उभं राहायचं, गालावर चादरीच्या रेघा उमटलेल्या. तोवर माझी लेक दोनदा जेवून, एकदा पडून, एकदा रडून परत पेंगायला आलेली असायची. त्या रेघा बघून माझ्या पोटात जे व्हायचं त्याला मी खूप दिवस भूक समजत होते.

भाभींचं सगळंच मला बोचायचं. त्यांचं माहेर शहरातच, औरंगपुऱ्याच्या बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर. दर शुक्रवारी त्यांच्या अम्मी रिक्षानं यायच्या. हातात नानखटाईचा पुडा, डब्यात काहीतरी गरम. आल्या आल्या नातवाला मांडीवर घ्यायच्या आणि भाभींना म्हणायच्या, "जा, तू लेट जा थोडा." भाभी खरंच जाऊन आडव्या व्हायच्या. भर दुपारी! मी दोरीवर कपडे वाळत घालता घालता ते ऐकायची आणि एकच कपडा तीनदा झटकायची. माझी आई मला रोज संध्याकाळी फोनवर भेटायची. लेकीला सातला झोपवलं की साडेसात ते आठ मी आईशी बोलायची. आठला आई झोपते. तेवढा अर्धा तास माझं माहेर.

यात वाईट हे, की भाभींनी माझं काही वाकडं केलं नव्हतं, उलट सगळं सरळच केलं होतं. मी इथं नवीन आले तेव्हा रस्ता ओलांडायला घाबरायची, तर माझा दंड धरून त्यांनी मला मोठा रस्ता ओलांडायला शिकवलं. लेकीला ताप चढला तेव्हा हे कामावर होते. भाभींनी स्वतःच्या पोराला काकूंकडं टाकलं आणि माझ्याबरोबर दवाखान्यात रात्री दहापर्यंत बसल्या. मी "का" ऐवजी "काहून" म्हटलं की बाकीच्या बायका हसायच्या, त्या हसल्या नाहीत. त्यांचे उपकार आठवले की मला जळण्याची लाज वाटायची. आणि लाज वाटली की आणखी जळायची.

उपाय सगळे करून झाले. मालकीणकाकू म्हणाल्या, "लई नजर लागलीय तुझ्या पोरीला. लई गोरी हाय ती. मीठ-मोहऱ्या उतरव अन् चुलीत टाक."

"काकू, माझ्याकडं गॅस आहे."

"मग गॅसवर टाक. नजरेला काय कळतंय."

टाकल्या. खोलीभर धूर झाला, हे खोकत उठले आणि ती झोप मोडल्याचा हिशोब आमच्या दोघांच्या बोलण्यात दोन दिवस चालला. आईनं फोनवर सांगितलं, टाळूला खोबरेल घाल. घातलं. पोर चारलाच उठली, फक्त चोपडी होऊन. मग मोबाइलवर एक बाई सांगताना दिसली, की मूल थकलं की लवकर उठतं, त्याला संध्याकाळी लवकर झोपवा. पटलं मला. मी सातचे साडेसहा केले. उन्हं असतानाच खिडकीला चादर लावली, थापटून थापटून झोपवलं. पोर साडेतीनला उठली.

तेव्हा मी पहिल्यांदा ओट्यावर बसून रडले. आवाज न करता. लेकीनं माझ्या मांडीवर एक दगड ठेवला, मोठा.

मग ती गोष्ट झाली. एका रात्री हे आले ते जेवलेच नाहीत. पाटावर बसून हात बघत राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "काही नाही वो. डोळा लागला."

"कुठं?"

"मशीनवर."

सुपरवायझरनं मागून पाठीत गुद्दा घातला म्हणून हात निघाला होता. त्यानं आधी गुद्दा घातला, मग शिव्या घातल्या आणि मग स्वतः घाबरून यांना चहा पाजला. "चांगला माणूस आहे," हे म्हणाले आणि झोपले. मी त्यांचे हात धरून बसले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही इतके ते थकले होते. तीन तासांनी चार वाजणार होते.

चार वाजले. लेक उठली. मी तिला घेऊन बाहेर आले आणि शेजारी चार नंबरचं बंद दार.

त्या दिवशी मी जे केलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आठवडी बाजारातून लेकीला बूट आणले होते, पाऊल पडलं की चीं वाजणारे. काकूंचा कडक नियम होता, सातच्या आधी ते बूट नाहीत. मी हळूच आत गेले, ते बूट आणले, तिच्या पायात घातले आणि तिला भाभींच्या दारापुढं सोडलं. चीं चीं चीं. ती खूश झाली. तिला कुणी असं मोकळं सोडलंच नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाली. माझ्या मनात एकच होतं, उठू दे. एक दिवस तरी त्याला चारला उठू दे. एक दिवस तरी त्या बाईला कळू दे. स्वतःच्या नवऱ्याचं सुद्धा मला त्या वेळी सुचलं नाही. ज्याच्या झोपेसाठी हा सगळा खटाटोप, तो शेजारच्याच खोलीत झोपला होता, आणि मी तिथं बूट वाजवत होते.

दार उघडलं. भाभी उभ्या. डोक्यावरून ओढणी नीट घेतलेली, तोंड धुतलेलं, चेहऱ्यावर पाण्याचे थेंब. झोपेतून उठलेलं माणूस असं दिसत नाही.

"अरे वा," त्या माझ्या लेकीला म्हणाल्या, "राणीसाहेबांची सवारी आली का?" मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "वैनी, आत या ना. बाहेर कशाला बसता? मी उठलेलीच असते या टायमाला. नमाज व्हायची आहे, तोवर चहा ठेवते."

मला "नको" म्हणता आलं नाही. आत गेले. आत गादीवर त्यांचं पोर, बेडकासारखं, चारी पाय फाकून, तोंड उघडं. माझी लेक बूट वाजवत त्याच्या डोक्याशी गेली, वाकून बघितलं, त्याच्या कानाशी "उत" म्हणाली. ते पोर हललं नाही. मी केलेल्या पापाचं फळ मला हे मिळालं, की माझा हेवा मला जवळून दाखवण्यात आला.

"याला जाग कशी येत नाही हो?" मी विचारलं.

"कशी येईल? अकराला झोपलाय." त्या चहात साखर टाकत होत्या. "याचे अब्बू दुकान बंद करून साडेदहाला येतात. यानं त्यांना बघितलं नाही तर दिवसभर बाप म्हणून कोण ते कळायचंच नाही. तुमची किती वाजता झोपते?"

"सातला."

"सकाळच्या?"

"संध्याकाळच्या."

भाभींच्या हातातला चमचा थांबला. "मग ती लवकर कुठं उठते, वैनी? झोप पुरी करूनच उठते बिचारी. सात ते चार. मोजा ना." आणि त्यांनी माझ्यापुढं बोटं धरली आणि आठ, नऊ, दहा, अकरा करत मोजायला लागल्या. नऊ बोटं झाली. त्या हसल्या. मनापासून हसल्या, तोंडावर ओढणी धरून. "अल्ला, आणि काकूंनी नजर उतरवली!"

मला इतका राग आला, की चहा अर्धा ठेवून मी उठले.

राग त्यांचा नव्हता. रात्री दहा-दहाला त्यांच्या खोलीतून त्या पोराचं खिदळणं भिंतीतून मला ऐकू यायचं, आणि मी अर्धवट झोपेत म्हणायची, काय बाई ही आई, एवढ्या रात्री लेकराला जागं ठेवते. म्हणजे उत्तर रोज माझ्या कानावर पडत होतं आणि मी त्याला नाक मुरडत होते. आमच्याकडं दिवा लागला की लेकरं जेवतात आणि झोपतात. धाकट्या भावाला मी तसंच झोपवलं. तोही चारलाच उठत असणार. पण तिथं चारला आई उठलेली, आजी उठलेली, गोठ्यात बाप, कोंबड्या, शेजारी, सगळं गाव उठलेलं. त्या गावात चारला उठणारं पोर लवकर उठणारं नसतंच मुळी, ते नुसतं पोर असतं. मी गाव सोडलं पण गावाचं घड्याळ पोरीच्या अंगात भरून ठेवलं, आणि नवरा मात्र कंपनीच्या घड्याळावर.

दोन दिवस मी भाभींशी नीट बोलले नाही. तिसऱ्या संध्याकाळी सातला लेक पेंगायला लागली आणि मी तिला उचलून चार नंबरात नेलं. दारात उभी राहिले. भाभींनी हात पुढं केले. "आणा इकडं," एवढंच म्हणाल्या.

पुढचे दहा-बारा दिवस फार वाईट गेले. सातला पोर झोपेनं वेडीपिशी व्हायची, मला चावायची. भाभी आणि त्यांचा मुलगा तिला पातेली वाजवून जागं ठेवायचे. आज पंधरा मिनिटं, उद्या आणखी पंधरा. पोर रात्री नऊला झोपली आणि तरी चारलाच उठली, असेही दिवस गेले. मी भाभींना म्हटलं, "हे काही खरं नाही." त्या म्हणाल्या, "वैनी, तिचं शरीर आहे, मोबाइल नाही. टाइम बदलायला वेळ लागतो."

एक दिवस पाच झाले. मग साडेपाच. एका सकाळी मला जाग आली तर बाहेर उजेड होता. मी घाबरून लेकीच्या नाकाशी हात धरला. श्वास चालू होता. पलीकडं हेही घोरत होते. मी दोघांच्या मध्ये बसून राहिले. मला वाटलं होतं मी आनंदानं नाचेन. खरं सांगायचं तर मला काय करावं ते सुचेना.

आता ती रात्री बाबा येईपर्यंत जागी असते. बाबा दारात दिसले की जी किंकाळी मारते ती सहाही खोल्यांना ऐकू जाते. तिला घाण हातानं उचलायचं नाही म्हणून हे आधी हात धुतात, आणि ती मोरीशी त्यांच्या पायाला मिठी मारून उभी. दिवसभर तिला भरवते मी, धुते मी, तिचे दगड सांभाळते मी. माझ्यासाठी अशी किंकाळी तिनं कधी मारली नाही. मी रोज घरीच असते ना. हे तिला खांद्यावर बसवतात, दहा मिनिटं, मग ती बापाच्या छातीवर झोपते आणि मी एकटी जेवण वाढते. त्यांची झोप आता पुरी होते. हात सुखरूप आहेत. सुपरवायझर त्यांना म्हणाला म्हणे, आता माणसात आलास. मी देवाचे, भाभींचे, त्या सुपरवायझरच्या गुद्द्याचे, सगळ्यांचे आभार मानते. आणि वाढता वाढता जळते. दोन्ही एकदम जमतं मला.

भाभींच्या घरी ती आता त्यांच्या पोराचं ऐकून भाभींना "अम्मी" म्हणते. मला "आई" म्हणते, पण जरा कमी जोरात. भाभींना मी ते सांगितलं तर त्या म्हणाल्या, "माझा पण तुम्हाला आईच म्हणतो की. करा वाटावाटी." मी हसले. पण त्यांचा मुलगा मला आई म्हणतो तेव्हा मला काही होत नाही, हे त्यांना कसं सांगायचं?

गेला तो आईचा अर्धा तास. साडेसातला आता लेक भर रंगात असते. फोन लावला की ती हिसकावते, आईला कुत्रा दाखवते, छत दाखवते, आणि आठ वाजले की आई म्हणते, "चाल वो बाई, मी झोपतो आता." माझ्याशी एक शब्द बोलणं होत नाही.

आणि मी? मला चारला जाग येते. पोरगी सुधारली, माझी सवय गेली नाही. दोघं झोपलेले असतात, तोंडं उघडी, सारखीच. मी थोडा वेळ बघते, मग बाहेर ओट्यावर येते. महिनाभर नुसतीच बसले. मग एक दिवस डोक्यात उजेड पडला, की या वेळी आणखी एक बाई जागी असते. आणि मी आईला फोन लावला.

"काहून वो? काय झालं?" आई घाबरली. मागं चुलीत काटक्या मोडल्याचा आवाज येत होता.

"काही नाही. सहज लावला."

"जावई बरे आहेत?"

"झोपले आहेत."

"अन् माझी बाई? दे तिले, दे."

"तीही झोपली आहे."

"अजून?" आईचा आवाज पडला. "अशी कशी झोपली? पहिले त चारलेच उठे. मंग ठेव आता, उठली का लाव."

"आई, मी जागी आहे ना."

आई हसली. "तू त हायेसच वो."

मी फोन ठेवला नाही. धान कापून झालं का विचारलं, गाय कितव्यांदा गाभण आहे विचारलं, धाकट्याचं कॉलेज, मावशीचे गुडघे, नदीचं पाणी, सुचेल ते विचारत गेले. आई भाकरीसारखं एकेक उत्तर थापत राहिली. मध्येच म्हणाली, "पाहा बरं, उठली असेल." थोड्या वेळानं परत म्हणाली, "पाहा ना एकदा."

दार माझ्या पाठीशीच होतं. दोन्ही वेळा मी मागं वळूनही न बघता सांगितलं, "नाही आई, गाढ झोपली आहे."